आधी बादली द्यायची

अधिकारासाठी भांडणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. आमच्या घरी माळ्यावर धानाच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती "बंधू-भगिनींनो" या शब्दांवर बोट ठेवून. त्या पत्रकांत मागण्या असायच्या. हे द्या, ते द्या, आमचं आम्हाला द्या. त्यातल्या बहुतेक मागण्या मला अजूनही खऱ्या वाटतात. पण मिळालेला अधिकार खाली कसा ठेवायचा, हे एकाही पत्रकात नव्हतं. ते मला टेकचंदभाऊंनी दाखवलं. आणि दाखवताना स्वतःच चुकले, म्हणून ते माझ्या जास्त लक्षात राहिले.

टेकचंदभाऊ आमच्या कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचे सहायक होते. सहायक हे कागदावर. खरं तर लॅब त्यांनीच उभी केली होती. पंधरा जुनी मशीन, एक सर्व्हर आणि सगळ्यांवर लिनक्स. लिनक्सच का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "फुकट आहे जी. आन् बिघडलं त उघडून पाहता येते. बंद डब्ब्याचा मले भरोसा नाही." ते कामठ्याचे. घरी पोवारी, बाजारात हिंदी, आमच्याशी झाडीबोली आणि मशीनशी इंग्रजी, अशा चार भाषा एका दिवसात बोलायचे आणि कोणतीही मोठ्या आवाजात बोलायचे नाहीत. मी तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि स्टाफरूममध्ये खुर्ची रिकामी असली तर खुर्ची. वार्षिकांकाचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्यामुळे लॅबच्या कोपऱ्यातली एक खुर्ची मला हक्काची मिळाली. भाऊंना मी त्या खुर्चीवरून पाहिलं.

त्यांच्याकडे एक लाल दुपट्टा होता. सर्व्हरवर रूट म्हणून, म्हणजे सगळ्या किल्ल्या हातात असलेला मालक म्हणून, काम करायचं असलं की ते दुपट्टा खांद्यावर टाकायचे. दुपट्टा खांद्यावर असेपर्यंत चहा नाही, फोन नाही, कोणाशी बोलणं नाही. काम संपलं की मालकाच्या खात्यातून बाहेर यायचे, दुपट्टा घडी करून कपाटात ठेवायचे आणि मग विचारायचे, "हां, बोला जी, काय म्हणून राहिले होते?" एकदा दुपट्टा असताना त्यांच्या घरून फोन आला. गाय व्यायली होती. त्यांनी फोन उचलला नाही. पाच मिनिटांनी दुपट्टा काढून स्वतः फोन लावला आणि कालवड झाली म्हणून साऱ्या लॅबला चहा पाजला.

पाणी प्यायला उठले तरी लॉगआउट करायचे. मी हसायचे. "भाऊ, घडा चार पावलांवर आहे!"

"असू द्या ना. मी उठलो म्हणजे मी उठलो. माहं नाव खुर्चीवर बसून राह्यलं नाही पायजे."

हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं. आता आमच्या तालुक्यातले माजी अध्यक्ष, माजी सचिव, माजी सरपंचांचे नवरे आठवले की ते विनोद वाटत नाही. माणूस उठून पाच वर्षं होतात आणि नाव खुर्चीवर बसलेलंच असतं.

प्राचार्य एकदा लॅबमध्ये आले. म्हणाले, "टेकचंदजी, मी संस्थेचा प्रमुख आहे. मला सगळे फोल्डर दिसले पाहिजेत."

"देतो सर," भाऊ म्हणाले. "आत्ताच देतो. पण मंग जे मिटन, जे बिघडन, त्याच्या नोंदीत तुमचंही नाव येईन. चालन?"

प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. "राहू द्या. पुढे बघू." ते पुढे कधी आलं नाही.

मशीनचं गणित त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. प्रत्येक माणसाचं एक खातं. प्रत्येक खातं काही ग्रुपांमध्ये. वार्षिकांकाचा फोल्डर 'अंक' ग्रुपचा, गुणांचा फोल्डर 'परीक्षा' ग्रुपचा. तुम्ही ज्या ग्रुपात, तेवढीच दारं तुम्हाला उघडतात. त्यांनी मला 'अंक' ग्रुपात घातलं आणि म्हणाले, झालं. मी फोल्डर उघडायला गेले तर पडद्यावर 'परवानगी नाही'.

मी उसळले. माझा स्वभावच तसा. "भाऊ, इथेही तासिका तत्त्व आहे का? नाव यादीत आणि माणूस दारात?"

ते गालात हसले. "मॅडम, तुमी मघापासून बसून हाव ना? बसताना मशीन एकदाच पाहते, हा माणूस कोणत्या पंगतीतला. मंग परत पाहत नाही. नाव चढलं नवीन पंगतीत, पण तुमी बसून हाव जुन्याच पंगतीत. उठा, हात धुवा, परत बसा."

"हात धुवायचे?"

"म्हणजे लॉगआउट जी. पण हात धुतले तरी वाईट होत नाही."

मी लॉगआउट केलं, परत आत गेले आणि फोल्डर उघडला. मला राग आला होता याचाच थोडा राग आला.

ही पंगत त्यांनी उगीच काढलेली नव्हती. कामठ्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी गेले होते. मांडवात भाऊ वरण वाढत होते. डोक्याला दुपट्टा, हातात बादली, आणि प्रत्येक पानाशी वाकून तोच प्रश्न, "अजून?" चौथी पंगत बसली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. त्यांचे साळे ओरडले, "भाटो, इथंच बसा ना आता! बादली ठेवा बाजूले, जेवता जेवता वाढा."

भाऊ थांबले. मांडवभर नजर फिरवून त्यांनी एका जावयाला हाक मारली, बादली त्याच्या हातात दिली, "आता तू," म्हणाले, नळावर जाऊन हात धुतले आणि मग पंगतीच्या शेवटी येऊन बसले. मी शेजारीच होते. म्हटलं, "एवढं काय बादलीचं?"

"बादली पहिले देऊन द्या लागते, मंग बसा लागते," ते पहिला घास कालवत म्हणाले. "बसून घास घेतला का हात उष्टा. उष्ट्या हातानं बादली देता येत नाही, ठेवताही येत नाही. मंग तो माणूस जेवणाराही होते आन् वाढणाराही. वरण कोणाले किती भेटते ते मंग इचारू नोका."

मीही पत्रकं लिहायचे; ते एका पत्रकात वापरून मुलांना वाचून दाखवलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीचे दिवस आले. आजूबाजूच्या गावांचे शेतकरी सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन कॉलेजच्या दाराशी येऊ लागले. दुपारी एक तास लॅब त्यांच्यासाठी उघडी ठेवायची, असं भाऊंनीच प्राचार्यांकडून मंजूर करून घेतलं. त्यासाठी 'पाहुणा' नावाचं एक साधं खातं होतं. त्याला फक्त इंटरनेट दिसायचं, बाकी काही नाही. मशीन कमी आणि रांग लांब, म्हणून भाऊ स्वतःचं मशीनही पाहुण्यांना द्यायचे. पण त्यांच्या नियमाप्रमाणे दर वेळी लॉगआउट, परत लॉगइन. जुनं मशीन, दोन-तीन मिनिटं जायची. एक म्हातारी बाहेर उन्हात चक्कर येऊन बसली, त्या दिवशी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक शब्द टाइप केला की त्यांच्याच पडद्यावर, त्यांनी न उठता, पाहुण्याचं खातं सुरू व्हायचं. रांग अर्ध्या वेळात संपायला लागली. मी पाहत होते, पण इतकी वर्षं उठून बसणारा माणूस आता उठत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही.

एका दुपारी मी माझा पासवर्ड विसरले. भाऊ रांगेत अडकलेले. "या, पाहुण्यात बसा माह्या मशीनवर. दहा मिनटात तुमचं खातं नीट करून देतो," म्हणाले, तो शब्द टाइप केला आणि बाहेर कोणाचा तरी सातबारा वाचायला गेले.

मी सवयीने वार्षिकांकाचा फोल्डर उघडला. तो उघडला. पाहुण्याला तो उघडायला नको होता. त्याच्या शेजारी 'परीक्षा' होता. तोही उघडला. मी तो उघडायला नको होता, हे आज लिहिते. तेव्हा माझ्या मनात तसं काही आलं नाही.

आत माझ्या विषयाचे अंतर्गत गुण होते. वैशाली माझी विद्यार्थिनी. केशोरीहून येऊन गावात खोली करून राहायची, एक तास चुकवायची नाही. तिचा धानाच्या रोवणीवरचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला होता आणि वीसपैकी अठरा दिले होते. यादीत तिच्यापुढे नऊ होते. अठरा होते ते दुसऱ्या एकापुढे, जो वर्षभरात दोनदा वर्गात दिसला होता. तो संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या. नावं जागच्या जागी होती. फक्त दोन आकड्यांनी घरं बदलली होती.

भाऊ आत आले. मी जवळजवळ ओरडले, "भाऊ, हे पाहा!"

त्यांनी गुण पाहिलेच नाहीत. "तुमी पाहुण्यात हाव ना जी?"

"हो."

"मंग हे उघडलं कसं?"

"ते सोडा हो. पोरीचे गुण पळवलेत!"

"गुण मंग पाहू. पहिले हे उघडलं कसं."

घर जळत असताना हा माणूस कडी कोणी काढली ते विचारतोय, असं मला वाटलं. त्यांनी उभ्यानेच एक आज्ञा टाइप केली. मी कोण आणि कोणकोणत्या ग्रुपात, हे मशीन तिच्या उत्तरात सांगतं. नाव आलं, पाहुणा. आणि त्यामागे एका ओळीत अंक, परीक्षा, कार्यालय, ग्रंथालय. भाऊंचे सगळे ग्रुप.

ते खाली बसले. म्हणाले, "बापा. बादलीसकट बसवलं मी लोकाहिले."

मला त्यांनी मग समजावलं. प्रोग्रामने नाव बदललं, पण त्याआधी ग्रुप सोडले नव्हते. आणि एकदा नाव पाहुण्याचं झालं की ग्रुप सोडण्याची ताकदच उरत नाही. आधी ग्रुप, मग नाव. हाच क्रम.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"नोंदणी सुरू झाली तवापासून."

"कोणी पाहिलं असेल का?"

"लोक बिचारे आपला सातबारा शोधून राहिले होते, त्याहिले कायले परीक्षा पायजे. पण पाहू शकत होते ना. तेवढं पुरे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रोग्राम दुरुस्त केला आणि मी पत्रक लिहिलं. "बंधू-भगिनींनो" पासून "गुण चोरांना जाब विचारा" पर्यंत एक पानी. त्यांनी ते उभ्याने वाचलं. दुपट्टा नव्हता, म्हणजे बोलायला मोकळे होते.

"आग आहे जी. पण पहिला परिच्छेद कुठं आहे?"

"कोणता?"

"तुमाले हे दिसलं कसं, तो."

"तो लिहिला तर लॅब तुमच्याकडून जाईल."

"हाव."

"आणि ते म्हणतील, बाईनं चोरून पाहिलं."

"पाह्यलंच ना जी."

मी पत्रक त्यांच्या हातातून परत घेतलं.

"माह्यावर रागवू नोका," ते म्हणाले. "एक दिवस थांबा. माहा अर्ज जाऊ द्या पहिले. मंग तुमचं पत्रक."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली चूक कबूल करणारा अर्ज आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून दिला. मी सोबत होते. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. "टेकचंदजी, प्रोग्राम दुरुस्त झाला ना? मग हे आपल्या आपल्यात राहू द्या. लिहून कायले देता?"

"दुरुस्त त कालच झाला सर. लिहून यासाठी देऊन राहिलो का नोंदी तपासा लागतीन. माह्या चुकीनं कोणी आत घुसून काही बदललं का, हे पाहा लागन ना."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं. सर्व्हरच्या नोंदी काढल्या की गुण कोणी बदलले तेही निघणार होतं. "परीक्षा ग्रुपात तुम्हीही आहात. संशय तुमच्यावरही येईल."

"म्हणूनच मी नाही तपासणार. बाहेरचा माणूस बोलवा."

अर्जावर शिक्का बसला होता, तो आता गिळता येत नव्हता. बाहेरचा माणूस आला. दोन दिवस बसला. गुण बदलले होते ते कोणत्याही पाहुण्याने नव्हे, परीक्षा विभागाच्याच खात्यातून, भर कामाच्या वेळेत. वैशालीचे अठरा तिला परत मिळाले. अहवालात त्या अदलाबदलीला 'लेखनिक चूक' म्हटलं होतं. परीक्षा विभागाचे बाबू आपल्या खुर्चीवर राहिले आणि संचालकांचा फोटो भिंतीवर राहिला. भाऊंच्या नावापुढे मात्र 'गंभीर निष्काळजीपणा' आलं आणि लॅब त्यांच्याकडून काढून त्यांना आवक-जावकला बसवलं. दार उघडं राहिलं असं ज्यानं सांगितलं तो दोषी, आणि ज्यानं आतून चोरी केली त्याचा हात म्हणे फक्त घसरला. अशा न्यायाची पत्रकं मी जन्मभर लिहीन. तेव्हाचं पत्रक मी काढलंच, माझ्या नावाने, त्यांचा पहिला परिच्छेद पहिला ठेवून. पुढच्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. त्याबद्दल इथे एवढंच.

वैशाली भाऊंचे आभार मानायला आली होती. ते संकोचले. "मी काय केलं बाई? मी त चूक केली. तू निबंध लिहिला."

लॅब सोडण्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले. त्यांच्या जागी एजन्सीचा अंकित नावाचा तरुण आला होता. गोंदियाचा, तोंडात हिंदी. भाऊंनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि एकेका ग्रुपातून स्वतःचं नाव काढायला लागले. अंकितला घाई होती. "अंकल, मैं बाद में निकाल दूँगा आपका नाम। टेन्शन मत लो।"

"नाही बाबू. हे पहिले."

अंक, परीक्षा, कार्यालय, ग्रंथालय. शेवटी मालकाचा पासवर्ड अंकितला स्वतःला बदलायला लावला आणि तो बदलत असताना पाठ करून खिडकीकडे उभे राहिले. दुपट्टा काढला, घडी केली, पिशवीत ठेवला. मग लॉगआउट करून बाहेर नळावर गेले. त्यांनी खरोखर हात धुतले, कोपरापर्यंत. परत येऊन साध्या खात्यात बसले आणि तीच आज्ञा टाइप केली. त्यांचं नाव आलं. त्यामागे काही नव्हतं.

"ते पाहा," ते मला म्हणाले. लॅबच्या भिंतीला त्यांनी एकदा हात लावला, जनावराच्या पाठीला लावावा तसा, आणि आवक-जावकच्या टेबलाकडे गेले.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, गेल्या हंगामात. अनुभवाचा दाखला घ्यायला कॉलेजात गेले होते. दुपारची वेळ, लॅबबाहेर धान नोंदणीची रांग. बाकावर दोन शेतकऱ्यांच्या मधे टेकचंदभाऊ बसले होते, मांडीवर स्वतःचा सातबारा घेऊन. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. मी नमस्कार केला. "काऊन जी मॅडम, पत्रकं बंद केली का? हातात एकही दिसून नाही राहिलं," म्हणाले आणि सरकून जागा दिली.

अंकित दारात आला. "अरे अंकल! आप लाइन में? अंदर आओ ना, आप ही का लैब है।"

"नंबर आला का येतो. मी पाहुणा हाव."

नंबर आला. बाकीची मशीन भरलेली होती, म्हणून अंकितने त्यांना स्वतःच्या मशीनकडे नेलं. त्यांना बसवण्याआधी तो स्वतः खुर्चीवरून उठला, पूर्ण लॉगआउट केलं, आणि मशीन परत सुरू होईपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं दोघंही शेजारी शेजारी उभे राहिले. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "जल्दी करा ना भाऊ!" भाऊंनी मागे वळून नुसता हात वर केला.

मग ते बसले. सातबारा बाजूला ठेवला आणि आधी ओळीने दारं लोटून पाहिली. अंक. परवानगी नाही. परीक्षा. परवानगी नाही. कार्यालय, ग्रंथालय. परवानगी नाही. मी दारातून पाहत होते. चौथ्या नकारानंतर ते खुर्चीत मागे टेकले, पंगतीत शेवटचा घास घेऊन माणूस टेकतो तसे, आणि अंकितकडे पाहून म्हणाले, "छान वाढलं रे बाबू."

मग चष्मा पुसून त्यांनी सातबारा पुढे ओढला आणि एका बोटाने आपलं नाव भरायला सुरुवात केली.